समासातलं

बाबा गेले, आणि होडीघरात
जाळ्यांच्या ढिगाखाली, बर्फ फोडायच्या पहारीशेजारी
एक्केचाळीस वह्या निघाल्या.
सगळ्या पेन्सिलीने भरलेल्या.
थंडीत पेनाची शाई रुसते, म्हणायचे.

पहिली वही नऊ वर्षांच्या पोराची.
तेव्हा आकडे नव्हते, रंग होते.
परीक्षानळीत लघवी उकळायची आणि बघायचं:
निळा. निळा. हिरवा. विटकरी.
विटकरीपुढे समासात आजीचं अक्षर,
"जॅम चोरला. विचारलं तर नाही म्हणतो."
सकाळी ज्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळायची
त्यातच संध्याकाळी बटाटे.
सुई बोथट झाली की आजोबा
वस्तऱ्याच्या दगडावर तिला धार लावत.

मग वह्या वयात येतात. रंग जातात, आकडे येतात.
७.४. लाकडं फोडली.
११.९. लाकडं फोडली नाहीत.
३.०. सौनात. आयलीने रस पाजला, वर शिव्या.
१६.२. वडिलांचं दफन. नाही कसं म्हणणार. वेलदोड्याचा पाव, तीन.
२.१. मुलगी झाली. जेवायचं राहिलं.

ती मुलगी मी.
आई सांगायची, तुला घेताना यांचे हात लटलटत होते.
इतकी वर्षं मी ते निव्वळ मायेच्या खात्यावर मांडलेलं.
आता निम्मंच मांडते.
तरी पुष्कळ उरतं.

शेवटच्या वह्यांत अक्षर मोठं होत जातं.
डोळे जात होते.
एकेचाळिसावीत तर एका पानावर एकच आकडा,
मुलाने भिंतीवर काढावा तसा.

कुओपिओच्या प्रयोगशाळेत ओत्सो नावाच्या मुलाने
हातमोजे घालून वह्या घेतल्या, अंडी घ्यावीत तशा.
बासष्ट वर्षं, एक माणूस, एकही खाडा नाही!
त्याचा आवाज चढला, मग त्यालाच लाज वाटली.
सगळे आकडे घेतो म्हणाला. रंगांचंही काहीतरी बघतो.
"आणि समासातलं?"
त्याने पडद्याकडे पाहिलं.
"त्याला रकाना नाही."

रागावले नाही मी. खरंच होतं ते.
चोरलेल्या जॅमचं शास्त्राने काय करावं?
घरी येऊन समासांच्या तेवढ्या छायाप्रती काढल्या.

मार्चमध्ये तळ्यावर मासेमारी ठेवली, बाबांच्या नावाने.
माणशी दहा युरो, सगळे संशोधनाला.
सर्वांत मोठ्या पर्चला बाबांचा गिरमिट बक्षीस.
आमच्याकडे माणसं दुःखाला हात लावत नाहीत,
शेजारी येऊन उभी राहतात.
आपापल्या भोकाशी, पाठमोरी, चार तास.
जमले सातशे तीस युरो
आणि कुणाचा तरी डावा हातमोजा.

कॉफीच्या टेबलावर मी समास मांडले होते,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर शिशाची वजनं.
वाचत होते. कुणी हसलं. कुणी नाक शिंकरलं.
रेइयो, पलीकडच्या काठावरचा,
एकाच कागदापाशी थांबला. सगळ्यांत जुना,
निदानाच्या आधीचा, आजीच्या हातचा:
"पोरगा बादलीतून पाणी पितो. रात्री पाच वेळा उठला.
विजार सैल झाली."

त्याने कॉफी संपवली. पुन्हा भरली. प्यायला नाही.
"हे असं," तो तळ्याकडे बघत म्हणाला,
"किती दिवस चालतं?
म्हणजे, दाखवीपर्यंत."

मी त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं.
खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं त्याला.

सोमवारी फोन आला, इस्पितळातून.
हॅलो नाही, काही नाही.
"एकवीस पूर्णांक तीन," रेइयो म्हणाला,
आणि ठेवून दिला.

एक्केचाळिसाव्या वहीत पानं शिल्लक होती.
ओत्सोकडून तेवढी एक मी मागून आणली आहे.
पेन्सिलीला टोक केलं. लिहिलं, २१.३.
आणि समासात,
रेइयो. मासा एकही नाही.